अनुदान शाळेला, विज्ञान कोणाला?

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातील एक तरतूद वर्तमानपत्रांत गाजली. दहावीला गणित आणि विज्ञान या विषयांत ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात जाता येईल. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा येईल की या विद्यार्थ्याला यापुढे गणित-विज्ञानाचे शिक्षण घेता येणार नाही.

यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आल्या. शहरातल्या शिकलेल्या मंडळींनी ‘दर्जा घसरला’ म्हणून गळा काढला. आपल्या वस्त्यांमध्ये काही पालक म्हणाले, बरे झाले, निदान पोरगी नापास म्हणून घरी बसणार नाही. पालकांचे म्हणणे मला समजते. दहावी नापास मुलीचे वर्षभरात लग्न लागते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण या सगळ्या चर्चेत एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. तो शेरा नेमका कोणाच्या गुणपत्रिकेवर येणार? खासगी क्लासला वर्षाला पन्नास हजार भरणाऱ्याच्या? की ज्या शाळेत विज्ञानाची पेटी कुलपात आणि गणिताचा शिक्षक निवडणुकीच्या कामावर, त्या शाळेतल्या पोरीच्या?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आराखड्याची पाने पुरत नाहीत. सरकारचा शिक्षणावरचा पैसा, त्यातही गणित-विज्ञानाच्या नावाने येणारा पैसा, आजवर कोणत्या वाटेने आला आणि कोणाच्या दारात थांबला, हे पाहावे लागते.

मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत काम करते. तसे हे दोन जिल्हे मुळात एकच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा काढला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा तर या मातीला वगळून लिहिता येत नाही. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. सावित्रीमाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातील नायगाव. बाबासाहेबांची इंग्रजी शाळा सातारची. कर्मवीर भाऊरावांची रयत कराडजवळच्या काल्यातली. म्हणून हा हिशेब इथूनच मांडायचा.

अनुदान हा शब्द आपल्याकडे आला तो १८५४ च्या वुडच्या खलित्यातून. सरकारने प्रत्येक शाळा स्वतः चालवायची नाही, खासगी शाळांना मदत द्यायची, असे ते धोरण होते. त्यात एक अट होती. शाळेने मुलांकडून फी घेतली पाहिजे, थोडी का होईना. म्हणजे पहिल्या दिवसापासून अनुदान कोणाला? ज्याच्याकडे इमारत आहे, वर्गणीदार आहेत आणि फी भरणारे पालक आहेत, त्याला. ज्याच्याकडे काहीतरी आहे त्याला आणखी द्यायचे, असाच या रचनेचा पाया. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने एक भूमिका घेतली, तिचा अर्थ आजही समजून घेण्यासारखा आहे. संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील. पण जिथे स्थानिक लोकांची वर्गणी मिसळलेली आहे आणि त्या वर्गणीदारांची हरकत आहे, तिथे अस्पृश्यांच्या मुलांना घालण्याचा सरकारचा विचार नाही. वर्गणी दिली की जात पाळण्याचा हक्क विकत मिळतो, असाच याचा अर्थ होतो. दुसरा कोणता अर्थ निघत असेल तर मला सांगावा.

जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला जे निवेदन दिले, ते या रचनेवरचा पहिला मोठा हल्ला आहे. आपण त्याचा उल्लेख ‘सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी’ एवढ्यावर थांबवतो. ते निवेदन मुळात पैशाबद्दल आहे. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आरोप होता. आणि प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची त्यांची यादी पाहा. मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आहे, शेतीचे प्राथमिक ज्ञान आहे, आरोग्य आहे. शिक्षक कसा असावा? शक्यतो शेतकरी वर्गातला, प्रशिक्षित, वेळ आली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा. त्याला पगार बरा द्यावा, असेही त्यांनी आकड्यांनिशी सांगितले. विज्ञान शिक्षणाची याहून नेमकी व्याख्या मला माझ्या एम.ए.च्या पुस्तकांत सापडली नाही. हाताने काम करणाऱ्याच्या घरातून आलेला शिक्षक, आणि हाताला कामाला लावणारे ज्ञान. जोतीरावांनी पैसा शिक्षकावर लावायला सांगितले. सरकारने तो संस्थांवर लावला.

आता सातारा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव राजवाड्यातल्या गव्हर्न्मेंट हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर नोंदले गेले. आज तीच शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून जिल्हा परिषद चालवते आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. दरवर्षी त्या दिवशी आपण तिथे जमतो, फुले वाहतो, फोटो काढतो. पण वर सांगितलेला नियम आठवला तर त्या प्रवेशाचा एक वेगळाच अर्थ लागतो. ती शाळा सरकारी होती, सरकारी पैशाने चालणारी. वर्गणीदारांची शाळा असती तर? रजिस्टरचे ते पान कदाचित कोरेच राहिले असते.

प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले असे नाही. स्वतःचे गोणपाट घरून न्यायचे, कोपऱ्यात वेगळे बसायचे, संध्याकाळी ते परत आणायचे. नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच लेखनात दुसरी एक गोष्ट येते आणि ती सहसा वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटते. त्यावेळी त्यांचे वडील रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाचे खोदकाम काढले होते, आणि रामजी त्या कामावर खजिनदार होते. मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीतून केलेला तो प्रसिद्ध प्रवास वडिलांना भेटायला जाण्याचाच. शेकडो मजुरांचा पैशाचा हिशेब ठेवणारा महार माणूस! हे गणित रामजींना कुठे मिळाले? लष्करात. लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक होते, पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले होते. म्हणजे सरकारने जिथे पैसा थेट माणसाच्या शिक्षणावर घातला, मध्ये कोणी वर्गणीदार ठेवला नाही, तिथे एका पिढीत महाराच्या हातात हिशेबाची वही आली. पुढे १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली आणि ही वाटही बंद झाली.

फळ्याचा प्रसंग मुंबईचा, एल्फिन्स्टन हायस्कूलमधला. धनंजय कीरांच्या चरित्रात तो आहे. शिक्षकांनी भीमरावाला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले. वर्गात एकच गलका झाला, कारण सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. भीमराव फळ्याजवळ पोहोचण्याआधी पोरांनी धावत जाऊन डबे बाजूला काढले. आपण हा प्रसंग अपमानाचा म्हणून सांगतो. तो आहेच. पण तो गणिताच्या तासाचाही प्रसंग आहे. गणित बसल्या जागी पाठ करता येत नाही. फळ्यापर्यंत जावे लागते, खडू हातात घ्यावा लागतो, सगळ्यांदेखत चुकावे लागते, पुसावे लागते, पुन्हा मांडावे लागते. विज्ञानाचेही तेच, किंबहुना जास्तच. परीक्षानळी हातात घेतल्याशिवाय, चुंबक लोहकीसात फिरवल्याशिवाय विज्ञान येत नाही. इतिहासाचे पुस्तक गोणपाटावर बसूनही वाचता येईल. हे दोन विषय मात्र स्पर्शाचे आहेत. आणि ज्या समाजाने स्पर्शावरच बंदी घातली, त्या समाजात हे दोन विषय सर्वांत आधी बंद झाले यात नवल काय?

बाबासाहेब कायदेमंडळात गेल्यावर त्यांनी हाच हिशेब सरकारसमोर मांडला. १२ मार्च १९२७ चे शिक्षणावरील भाषण प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. निदान जेवढे घेता तेवढे तरी परत द्या, असे त्यांनी सुनावले. शाळेत गेलेल्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात, हेही. वरच्या जातींत दर हजारी ११९ मुले प्राथमिक शाळेत आणि मागासवर्गात १८, हा आकडाही त्यांनीच समोर ठेवला. पद्धत लक्षात घ्या. किती शाळा काढल्या, किती अनुदान वाटले, हे ते विचारत नाहीत. दर हजारी किती मुले आत आली आणि शंभरातली किती टिकली, हे विचारतात.

पण माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कागद १९४२ चा आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी ऑक्टोबरमध्ये अनुसूचित जातींच्या तक्रारींचे निवेदन सादर केले. त्यात शिक्षणाच्या भागात त्यांचा मुद्दा असा होता : कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, गरज आहे ती विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची. ते शिक्षण महाग आहे, म्हणून आपली मुले नाइलाजाने कलाशाखेत जातात. सरकारने मदत केल्याशिवाय हे दार उघडणार नाही. मागणी नेमकी होती. देशातील विज्ञान-तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांसाठी वर्षाला २ लाख आणि परदेशातील शिक्षणासाठी १ लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या. बनारस आणि अलिगढ या विद्यापीठांना केंद्र सरकार दरसाल प्रत्येकी ३ लाख देते, मग आम्हाला तेवढे का नको, हा त्यांचा युक्तिवाद होता.

इथे थोडे थांबू. बनारस आणि अलिगढ या संस्था आहेत. त्यांना पैसा संस्था म्हणून मिळतो. बाबासाहेबांनी त्यावेळी संस्थेसाठी पैसा मागितला असता तर कोणी नाव ठेवले नसते. तीन-चार वर्षांत त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि सिद्धार्थ कॉलेज उभे केलेच. पण या निवेदनात त्यांनी मागितली शिष्यवृत्ती, म्हणजे मुलाच्या पायाबरोबर चालणारा पैसा. मुलगा जिथे जाईल तिथे पैसा जाईल. १९४४ पासून सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही त्या झगड्याची निष्पत्ती. आज जी शिष्यवृत्ती घेऊन आपली मुले इंजिनिअर होतात, जिचे हप्ते वेळेवर येत नाहीत म्हणून आपण मोर्चे काढतो, तिचे मूळ विज्ञानाच्या मागणीत आहे. हे आपल्याच मुलांना ठाऊक नसते. शिष्यवृत्तीला ‘फुकट’ म्हणणाऱ्यांच्या तोंडावर हा कागद ठेवायला हवा.

कर्मवीर भाऊरावांचे काम याच काळात इथे चालू होते. सांगलीत विलिंग्डन कॉलेज निघाले १९१९ मध्ये आणि त्याच वर्षी काल्यात रयत शिक्षण संस्था. एका बाजूला कॉलेज, दुसऱ्या बाजूला बोर्डिंग. भाऊरावांच्या चरित्रात इस्लामपूरचा प्रसंग येतो. शाळेबाहेर बसवलेला अस्पृश्य मुलगा पाहून त्यांनी त्याला कोल्हापूरच्या मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये नेऊन ठेवले. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप, पुढे ‘मूकनायक’चे संपादक. भाऊरावांनी आधी राहण्या-जेवणाची सोय केली, मग १९३५ मध्ये शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज काढले, हायस्कूल त्यानंतर १९४० मध्ये. क्रम बघा : मूल, शिक्षक, मग शाळा. सरकारी योजनांचा क्रम नेमका उलटा असतो. आणि अनुदानाची दुसरी बाजूही रयतेने भोगली. १९४८ मध्ये भाऊरावांनी सरकारवर केलेली टीका मुंबई सरकारला झोंबली आणि रयतेचे अनुदान थांबवले गेले. लोकांच्या रेट्यामुळे ते नंतर सुरू झाले. अनुदान हा लगामही असतो, हे सातारकरांना तेव्हाच कळले.

स्वातंत्र्यानंतरचा भाग मी भराभर सांगते, कारण तो अहवालांचा आहे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले की पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे. हे क्रांतिकारक होते, यात शंका नाही. कोणाच्या जातीला, मुलीला, खेड्याला ‘हे तुझे काम नव्हे’ असे म्हणण्याची सोय त्याने काढून घेतली. १९८६ च्या धोरणानंतर केंद्राने दोन योजना आणल्या. एक १९८७ ची खडू-फळा मोहीम : प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्य, त्यात विज्ञानाची आणि गणिताची पेटी. दुसरी १९८७-८८ पासूनची विज्ञान शिक्षण सुधारण्याची योजना, तीत केंद्राकडून राज्यांना शंभर टक्के अर्थसाहाय्य : उच्च प्राथमिक शाळांना विज्ञान पेट्या, माध्यमिक शाळांच्या प्रयोगशाळा, ग्रंथालयाची पुस्तके, गणित-विज्ञान शिक्षकांचे प्रशिक्षण. पुढे सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान, २०१५ चे राष्ट्रीय आविष्कार अभियान, आणि २०१८ पासून सगळे एका पोत्यात घातलेले समग्र शिक्षा. नावे बदलली. पेटी मात्र तीच राहिली.

त्या पेटीबद्दल मला सांगायचे आहे. मी सहावीत होते तेव्हा आमच्या शाळेत ती होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटावर, कुलूप लावलेली, वर धूळ. आत काय आहे हे आम्हाला माहीत होते, कारण तपासणीला साहेब आले तेव्हा ती उघडली होती : भिंग, चुंबक, स्पिरिटचा दिवा, परीक्षानळ्या, तराजू. साहेबांनी सही केली, पेटी बंद झाली. एकदा मी भिंग मागितले तर सरांनी विचारले, “फुटलं तर भरून कोण देणार? तुझा बाप?” माझा बाप तेव्हा मोलमजुरी करत होता. भिंग त्यांच्या खिशातून आले नव्हते, हे मला तेव्हा सुचले नाही. ते सरांच्या मालकीचेही नव्हते, आपल्याच करातून आलेले होते. पण नोंदवहीत ते ‘जडवस्तू’ होते आणि फुटलेल्या जडवस्तूची वसुली पगारातून होते, म्हणून सर घाबरत. आज मी त्यांना पूर्ण दोष देत नाही. ज्या योजनेत न फुटलेली परीक्षानळी हा यशाचा पुरावा मानला जातो, त्या योजनेत शहाणा माणूस कुलूपच लावणार. पहिला रासायनिक प्रयोग मी शाळेत पाहिला नाही. गावात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आले होते, त्यांनी चमत्कारामागचे विज्ञान म्हणून मंत्राने अग्नी पेटवून दाखवला आणि मग त्यातली रसायने आमच्यासमोर ठेवली. देवळासमोरच्या पारावर. अनुदान शून्य.

आजही मी शाळांमध्ये जाते तेव्हा दहावीच्या मुलांना विचारते, किती प्रयोग स्वतः केले? बहुतेक ठिकाणी उत्तर येते, सरांनी करून दाखवले. काही ठिकाणी तेही नाही. प्रयोगवहीतल्या आकृत्या मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेल्या असतात. विज्ञानाच्या शंभर गुणांतले २० प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते मिळून जातात. मुलांची हरकत नसते. पण अकरावीला विज्ञान शाखेत गेल्यावर हीच मुले पहिल्या महिन्यात गळतात, आणि मग लोक म्हणतात, ‘यांना झेपत नाही.’ हातात कधी चंचुपात्र न दिलेल्या मुलाला न झेपण्याचे प्रमाणपत्र द्यायचे, याला गुणवत्ता म्हणतात.

अलीकडच्या योजनांत ही वाट अधिकच सरळ दिसते. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबला २० लाख रुपये मिळतात. चांगली गोष्ट आहे, कोण नाही म्हणेल? पण निकषांत १५०० चौरस फूट बांधीव जागा मागितली होती. जत किंवा माण तालुक्यातल्या ज्या शाळेत तीन वर्ग दोन खोल्यांत बसतात, तिने ही जागा कुठून आणावी? म्हणून लॅब जाते जिथे इमारत आहे तिथे. संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते : तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, हजाराच्या वर असेल तर १ लाख. कोणी म्हणेल, मग लहान शाळेला दरडोई जास्तच मिळते की. हिशेब बरोबर आहे. पण विजेचे बिल पट पाहून येत नाही, छप्परही पट पाहून गळत नाही. दहा हजारांतून खडू, झाडू, बिल आणि दुरुस्ती झाल्यावर लिटमस कागदाला काय उरते?

या दोन जिल्ह्यांचा नकाशा समोर ठेवा. कृष्णाकाठी कराड, वाळवा, पलूस : ऊस, कारखाने, कारखान्यांच्या शिक्षणसंस्था, इमारती, संगणक कक्ष. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत : दुष्काळ, ऊसतोडीला आणि बाहेरगावी कामाला जाणारी कुटुंबे, हंगामात रिकामे होणारे वर्ग. विज्ञानाचे अनुदान पाण्यासारखे उताराने वाहत नाही. ते आधीच भिजलेल्या रानात जाते.

आणि पाण्याबद्दल बोलायचे तर सांगली जिल्ह्यानेच याचे उत्तर एकदा दिले आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतील वाळूवर गावाचा हक्क सांगून त्यातून पैसा उभा केला, लोकविज्ञान चळवळीतील जाणकारांनी तांत्रिक बाजू सांभाळली. त्या धरणाचे मोठेपण बंधाऱ्याच्या उंचीत नव्हते, वाटपाच्या नियमात होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, प्रत्येक कुटुंबाला मिळेल. भूमिहीनालाही. ज्याच्याकडे रान नाही त्याला पाणी कशाला, असे हसणारे तेव्हाही होते. उत्तर असे होते की पाण्याचा वाटा असेल तर तो दुसऱ्याचे रान वाट्याने करू शकतो. वाटाच नसेल तर मजुरीशिवाय त्याच्याकडे काही उरत नाही. आता पाण्याच्या जागी विज्ञानाचे अनुदान ठेवा आणि रानाच्या जागी इमारत. ज्या शाळेला जागा नाही तिला प्रयोगशाळा कशाला, हा तोच जुना प्रश्न आहे. पैसा मुलाच्या नावे असेल तर चार वाड्यांच्या शाळा मिळून एक फिरती प्रयोगशाळा मागू शकतात. पैसा इमारतीच्या नावे असेल तर त्या कायम रांगेच्या शेवटी.

मला माहीत आहे, काही वाचक म्हणतील की प्रत्येक गोष्टीत जात आणू नका, मुख्य अडचण शिक्षकांची आहे. शिक्षकांची अडचण आहेच. गणित-विज्ञानाची पदे रिकामी राहतात, कला शाखेचा पदवीधर सातवीला विज्ञान शिकवतो, आहेत त्यांच्यावर अशैक्षणिक कामांचा डोंगर. जोतीराव १८८२ मध्ये शिक्षकाच्या पगारावर बोलत होते ते उगाच नाही. पण रिकामे पद सगळ्यात जास्त काळ कुठे रिकामे राहते, बदली मागून लोक कुठून निघून जातात आणि कुठे जातात, हे पाहिले की जात आणावी लागत नाही. ती आधीपासून तिथे बसलेली असते.

म्हणून २० गुणांचा शेरा मला सवलत वाटत नाही. कोठारी आयोगाने जे सर्वांचे केले होते ते आता काहींचे राहणार आहे, आणि तेही मुलाच्या स्वतःच्या सहीने, ‘मला नको’ म्हणवून. प्रयोगशाळा द्यायला पैसा लागतो. शिक्षक द्यायला पैसा लागतो. शेरा मारायला शाई लागते.

गेल्या वर्षी आमच्या अभ्यासिकेतल्या तिघीजणींनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. नमुना मी दिला, लिहिले त्यांनी. शाळेला गेल्या पाच वर्षांत विज्ञान साहित्यासाठी किती रक्कम आली, जडवस्तू नोंदवहीत काय नोंदले आहे, आणि ते साहित्य विद्यार्थ्यांच्या वापरासाठी किती वेळा बाहेर काढले, असे तीन प्रश्न. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नीट, शिक्क्यासह आली. तिसऱ्यापुढे लिहिले होते, ‘अशी नोंद ठेवली जात नाही.’ पोरींनी अपील केले आहे. दरम्यान कपाट उघडले गेले, हेही खरे. मागच्या शनिवारी विहारात त्यांतली एक आली ती बोटाला पट्टी बांधून. परीक्षानळी फुटली होती म्हणे, आणि कोणी भरून मागितली नाही.